रोबोंची लढाई आणि शेजारी बसलेलं मूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहते. लेक साडेचार वर्षांची आहे. आमच्या घरात रोबोंचा गेम मी खेळते आणि ती शेजारी बसून बघते. हे सोसायटीत कळल्यापासून लिफ्टमध्ये, खालच्या बागेत, पाळणाघराच्या दाराशी मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. काही काळजीने, काही थोड्या रागाने. दोन्ही रास्त आहेत. लिफ्टमध्ये चार मजल्यांत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हा गेम नेमका आहे तरी कसा?

नाव 'आर्मर्ड कोअर ६: फायर्स ऑफ रुबिकॉन'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा. या मालिकेतला पहिला गेम १९९७ साली आला, हा २५ ऑगस्ट २०२३ ला. तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, कारण दोनच दिवस आधी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं होतं आणि घरात दुसरा विषय नव्हता.

रुबिकॉन ३ नावाच्या ग्रहावर कोरल नावाचं एक मौल्यवान द्रव्य सापडतं. त्यावरून मोठमोठ्या कंपन्या भांडतात आणि आपण भाडोत्री चालक म्हणून एका अवाढव्य रोबोत बसून मोहिमा करतो. दोन हातांत दोन आणि दोन खांद्यांवर दोन अशी चार शस्त्रं असतात, पाठीवरच्या बूस्टरने उडता येतं. वेग प्रचंड असतो. दोन मोहिमांच्या मध्ये गॅरेजमध्ये जाऊन रोबोचं डोकं, धड, हात, पाय असं सगळं बदलता येतं, हवे ते रंग देता येतात. लेक सोबत असली की आमचा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जातो.

पण चार वर्षांच्या मुलीसमोर गोळीबार?

आधी सरळ सांगते: अमेरिकेत गेमना वयोगट देणाऱ्या ईएसआरबी संस्थेने याला 'टी' दिला आहे, म्हणजे तेरा वर्षं आणि पुढे. माझी लेक तेरा वर्षांची नाही. 'बघायला काय हरकत आहे' असं म्हणून मी हा गेम तिच्यासमोर लावलेला नाही. आधी तिच्याशिवाय बराच खेळले, काय दाखवायचं आणि काय नाही ते ठरवलं, मगच तिला बसवलं. (तरी सुरुवातीला चुकलेच, ते पुढे येईल.)

मी काय पाहिलं? या गेममध्ये माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही. रक्त दिसत नाही. सगळी पात्रं म्हणजे आवाज आणि त्यांची बोधचिन्हं. फुटतं ते लोखंड. पण आवाजांत मात्र बरंच काही आहे. मरणाऱ्या चालकांचे शेवटचे शब्द रेडिओवर ऐकू येतात, आणि इंग्रजी कळत नसलं तरी मुलाला सूर कळतो. म्हणून ती असताना मी सेटिंगमध्ये जाऊन संवादांचा आवाज बंद करते. संगीत आणि यंत्रांचे आवाज ठेवते.

रोबोंचे सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत. 'टायटनफॉल २' मध्येही मोठा रोबो आहे, आणि त्याची नि चालकाची मैत्री फार सुंदर रंगवली आहे. पण तिथे माणसं माणसांना गोळ्या घालताना दिसतात आणि त्याला 'एम' म्हणजे सतरा वर्षांपुढचा शिक्का आहे. तो मी तिच्यासमोर लावत नाही. मुखपृष्ठावर रोबो दिसला म्हणून गेम घेऊ नका. आधी स्वतः दोन-तीन तास खेळा.

"आई, त्याच्या आत कोण होतं?" असं मुलाने विचारलं तर काय सांगायचं?

हा प्रश्न मला पालकांनी विचारायच्या आधी लेकीनेच विचारला, पहिल्याच आठवड्यात. समोरचा रोबो फुटला आणि तिने विचारलं, "आत कोण होतं?" मी पटकन म्हणाले, "उडी मारून पळाला तो."

मग प्रत्येक स्फोटानंतर तेच. "ह्याने पण उडी मारली?" ती टीव्हीजवळ जाऊन कोपऱ्याकोपऱ्यांत तो पळालेला माणूस शोधायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला कुणीच दिसत नाही उडी मारताना." मला फार वाईट वाटलं. तिने मला खोटं बोलताना पकडलं याहूनही, ती तीन दिवस मनापासून त्या माणसाला शोधत होती याचं.

तेव्हा मी गेम थांबवला, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "ही गोष्ट आहे. गोष्टीत आत एक माणूस होता, आणि गोष्टीत तो मेला. खरंखुरं कुणी मेलं नाही." तिने विचार केला आणि विचारलं, "मग तू का मारलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कथेत मी पैशांसाठी मारत होते, आणि साडेचार वर्षांच्या मुलीला ते समजावून सांगायची मला इच्छा नव्हती. त्या दिवसापासून कथेतल्या मोहिमा मी ती झोपल्यावर खेळते. तिच्यासमोर फक्त ॲरिना लावते. ॲरिना म्हणजे एकास एक लढती, आणि गेमच्या कथेतच त्या बनावट आहेत. ऑलमाइंड नावाची एक यंत्रणा चालकांच्या जुन्या लढायांची माहिती वापरून त्या आभासात घडवते. आत खरोखरच कुणी नसतं. मी तिला सांगितलं, "ही लुटुपुटूची लढाई." हा शब्द तिला माहीत होता, कारण बागेत मोठी मुलं तिला लुटुपुटूचं आउट करतात. आता रोबो फुटला की तीच मला सांगते, "लुटुपुटूचं आहे."

तुमच्या गेममध्ये अशी सोय नसेल तर सराव-मैदान किंवा ट्रेनिंग बहुतेकदा असतंच, ते बघा. आणि पहिल्याच वेळी खरं सांगा.

नुसतं बघत बसून मुलाला काय मिळतं?

मला वाटायचं, रंग, उजेड, धडाम आवाज. मग हेलिकॉप्टरचा रविवार आला.

पहिल्याच मोहिमेच्या शेवटी एक भलंमोठं हेलिकॉप्टर येतं. नवखे खेळाडू तिथे अडकतात, आणि तिच्यासमोर ती मोहीम पुन्हा नव्याने खेळताना मीही अडकले. लांबून गोळ्या झाडत राहिलं की ते आपल्याला संपवतं. बूस्टरने थेट त्याच्या नाकासमोर जायचं आणि डाव्या हातातली ऊर्जेची तलवार चालवायची, हा त्यावरचा उपाय. तो जमेपर्यंत मी हरत राहिले. (ॲरिनाचा नियम ठरायच्या आधीची ही गोष्ट.) दहा-बारा वेळा हरल्यावर सहज बाजूला बघितलं, तर लेक टीव्हीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझे दात आवळलेले होते, कपाळाला आठ्या होत्या, आणि तिने अगदी तसंच तोंड केलं होतं.

तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवते. लढतीतला बराच वेळ तिची नजर माझ्या चेहऱ्यावर असते. रोबोला लागलं की आधी माझ्याकडे बघून घेते: आई घाबरली का, चिडली का, हसली का? मग तिचं तोंड त्याप्रमाणे होतं. म्हणजे मी काय खेळते याइतकंच, मी हरते कशी हेही ती बघत असते. लहान मुलासोबत खेळणाऱ्या कुणालाही मला एवढं एकच सांगायचं आहे.

म्हणून आता हरले की काय झालं ते मोठ्याने, साध्या शब्दांत सांगते. "मी लांब थांबले म्हणून लागलं. आता जवळ जाते." किंवा, "माझी बूस्टरची ताकद संपली आणि मी खाली पडले. आता थोडी राखून उडते." शिवी नाही, कंट्रोलर आपटणं नाही, 'हा गेमच वाईट' नाही. तीन वेळा सलग हरून जीव वैतागला तर तेही सांगते, "आईला आता राग आलाय, पाणी पिऊन येऊ." आणि आम्ही दोघी खरोखर उठून पाणी पितो.

परवा ठोकळ्यांचा मनोरा पडला तेव्हा ती स्वतःशी म्हणाली, "खालचा छोटा होता म्हणून पडला." कालच्या दिवशी मात्र तोच मनोरा पडल्यावर ठोकळे भिंतीवर भिरकावले. दोन्ही चालतं. ती साडेचार वर्षांची आहे.

लखलखाटाने फिट येते म्हणतात. खरं आहे का?

काही मुलांच्या बाबतीत खरं आहे, आणि हा प्रश्न फार कमी पालक विचारतात. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लुकलुकला. त्या संध्याकाळी सुमारे ६८५ प्रेक्षकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. अशा प्रकाशाने झटके येणारी माणसं थोडी असतात, पण त्यात मुलांचं आणि किशोरवयीनांचं प्रमाण जास्त असतं, आणि पहिला झटका येईपर्यंत ते कळतही नाही. रोबोंच्या गेममध्ये क्षेपणास्त्रं, लेझर, स्फोट यांचा मारा सतत चालू असतो.

म्हणून मी काय करते: खोलीतला दिवा चालूच ठेवते, अंधारात कधीच खेळत नाही. टीव्हीचा उजेड कमी करते. लेक दिवाणावर, पडद्यापासून आठेक फुटांवर बसते. तिला ताप असेल किंवा झोप अपुरी झाली असेल तर त्या दिवशी गेम नाही. घरात कुणाला फिट येण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच मुलाला समोर बसवा.

मूल एकटक थिजलं, पापण्या फडफडू लागल्या, हातपाय झटकू लागले तर ताबडतोब पडदा बंद करा. मूल शुद्धीवर असेल आणि नुसतं विचित्र वाटतंय म्हणत असेल तर त्याचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड दुसरीकडे फिरवा. झटका आलाच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, वेळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायची आपल्याकडे पद्धत आहे, तिचा काही उपयोग नाही आणि वेळ जातो. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला तर लगेच रुग्णालय गाठा. थांबला तरी, पहिलाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

किती वेळ?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०२१ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: दोन वर्षांखाली पडदा नाहीच (नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल सोडून), दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. या तासात कार्टून, मोबाइल, गेम सगळं आलं. आमच्याकडे गेम आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. झोपेच्या आधीच्या तासात नाही.

धाकटा दीड वर्षाचा आहे, तोही शेजारी बसतो. चालेल?

नाही.

गेम बघता बघता पटापट जेवते. भरवू का?

भरवू नका. वरणभाताचा घास तोंडात आणि डोळे स्फोटाकडे, यात मूल काय खातंय, पोट भरलंय का, काहीच त्याला कळत नाही. घास घशात अडकायचीही भीती असते. आमच्याकडे ताट धुवून ठेवल्याशिवाय टीव्ही लागत नाही.

गॅरेजमध्ये एवढं काय करता?

यावर मी कितीही बोलू शकते.

इथे लेक मालकीण असते आणि मी मिस्त्री. रंग ती सांगते. आमचा सध्याचा रोबो पिवळा आहे, गुडघे गुलाबी. पाय चार तऱ्हेचे मिळतात: माणसासारखे दोन, उलट्या सांध्याचे दोन, चार पाय, आणि रणगाड्याचे पट्टे. चार पायांचा रोबो हवेत तरंगत राहू शकतो. पट्ट्यांचा जड शस्त्रं सहज पेलतो. उलट्या सांध्याचा सगळ्यांत उंच उडी मारतो, आणि त्याला तिने नाव दिलं 'बगळ्याचे पाय'.

त्यावरून आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. तिथून ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला बोट सुटते. वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी विचारून जावं लागतं. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून रोहितांसाठी अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही झाला. लेकीने तिथे शेकडो 'बगळ्याचे पाय' पाहिले आणि विचारलं की यांचा गुडघा उलटा का. मला माहीत होतं म्हणून फार आनंद झाला: तो गुडघा नव्हेच, तो घोटा! पक्षी बोटांवर उभा असतो. त्याचा खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. घरी येऊन तिने टाचा उचलून, चवड्यांवर चालून आजीला दाखवलं.

दुसरी गोष्ट विजेची. रोबोच्या प्रत्येक भागाला वीज लागते आणि ती जनरेटरला झेपली पाहिजे, नाहीतर रोबो मैदानात उतरूच शकत नाही. तिला हवी असलेली मोठी लेझर बंदूक बसेना. मी सांगितलं, "परवा गिझर आणि इस्त्री एकदम लावली आणि काय झालं?" "दिवे गेले!" मग तिने स्वतः ठरवलं की लेझर ठेवू आणि खांद्यावरचं एक काढू. बेरीज-वजाबाकी अजून येत नाही, पण एक हवं तर दुसरं सोडावं लागतं, हे तिने बोटांवर मोजून काढलं.

घरातल्या मोठ्यांना पटत नाही. त्यांना कसं समजवायचं?

माझ्या सासूबाईंनाही पटलं नव्हतं. "पोरीसमोर कसली ढिशुम ढिशुम लावलीस?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हणाले, "आई, एकदा बसून बघा." त्या बसल्या, पूर्ण बघितलं, आणि ढिशुम ढिशुमबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ती तुला तीनदा हाक मारत होती. तू ऐकलं नाहीस."

त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून नियम केला: लेक बोलली की पॉज. लढत हातची गेली तरी चालेल. एकट्याने खेळताना हा गेम थांबवता येतो, ऑनलाइन लढतीत थांबत नाही, म्हणून ती जागी असताना ऑनलाइन जात नाही. हेडफोनही लावत नाही. मोठ्यांचं म्हणणं खोडून काढायच्या घाईत आपण ते ऐकत नाही. आधी ऐका.

मूल मारकुटं होतं का?

माझ्या लेकीचं सांगते. रोबो लाथ मारतो, तसं तिने मावसभावाला लाथ मारली. त्याला लागलं, तो रडला. मी गेम आठवडाभर बंद ठेवला आणि कारणही सांगितलं. पुन्हा सुरू करताना दोघांना खोके दिले. घरी येणाऱ्या पार्सलचे रिकामे खोके, त्यांना डोक्या-हातांसाठी भोकं. रोबो झाले की खोक्याला मारायचं, माणसाला नाही. आता नेम बरा आहे. पण बघून बघून मूल घरात, शाळेत सारखं मारू लागलं, रात्री दचकून उठू लागलं, तर गेम बंदच करा.

खरे रोबो असतात का, हे विचारते. काय दाखवू?

चांद्रयान-३ ची प्रज्ञान बग्गी दाखवा. सहा चाकं, वजन २६ किलो, वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. आम्ही पंधरा फुटांच्या हॉलमध्ये खेळण्यातली गाडी तेवढ्या वेगाने ढकलून पाहिली. या टोकापासून त्या टोकाला जायला साडेसात मिनिटांच्या वर लागतात. ती तेवढा वेळ टिकली, मला आश्चर्य वाटलं.

आणि घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे गर्डर चढवणाऱ्या क्रेन तर आम्हाला खिडकीतूनच दिसायच्या. तिथे आत खरा माणूस बसलेला असतो. ती त्याला हात करायची. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला, त्याच्या मुळाशी 'रोबोटा' म्हणजे वेठ, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. वेठबिगार म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल, आणि ते नीट सांगायचं आहे.

न जोडलेला कंट्रोलर हातात दिला तर चालतो का? ती कधी खेळू शकेल?

एक-दोनदा मीही दिला. ती मन लावून बटणं दाबत होती आणि म्हणाली, "बघ, मी उडवलं!" मला ते टोचलं. उडी मारून पळालेल्या माणसासारखंच हे. आपल्याकडे लहान मुलाला मोठ्यांच्या खेळात कच्चा लिंबू म्हणून घेतात, पण कच्चा लिंबू खरोखर मैदानात असतो, धावतो.

प्लेस्टेशन ५ (पीएस५) या गेम खेळायच्या यंत्रावर २०२३ पासून एक सोय आहे: दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवता येतो. एक्सबॉक्स या दुसऱ्या यंत्रावर ती त्याच्याही आधीपासून आहे. मी चालवते, नेम धरते. तिच्याकडे एकच काम, मी "आता!" म्हटलं की उडीचं बटण. कधी उशिरा दाबते, कधी उगाच दाबते, आणि आम्ही हरतो. पण उडी तिचीच असते.

तिचा स्वतःचा गेम म्हणून 'ॲस्ट्रोज प्लेरूम' लावा, तो पीएस५ मध्ये आधीपासून असतोच. छोटा पांढरा रोबो, पडला की लगेच परत उभा. पुढे जमलं तर २०२४ चा 'ॲस्ट्रो बॉट'. 'आर्मर्ड कोअर' ती स्वतः खेळायला अजून बरीच वर्षं आहेत.

बंद करताना रडारड होते.

मिनिटं सांगू नका, लढती सांगा. "अजून पाच मिनिटं" याचा तिला अर्थ लागत नाही, "अजून दोन लढती" याचा लागतो, आणि ॲरिनातली लढत छोटी असते. शेवटची हरली तरी शेवटचीच. मग रोबोला गॅरेजमध्ये नेतो, ती त्याला "झोप आता" म्हणते, आणि टीव्हीचं बटण तीच बंद करते. ते बटण मी दाबलं तर अजूनही रडते.